कोणतंही उत्तर चालेल

कप टेबलावर ठेवला. म्हणजे ठेवला असं वाटलं. टेबल बोटभर अलीकडेच संपलं होतं.

☑ दादा – आईचे नवे थेंब आणून देणे.

काच मधोमध फुटत नाही. तडा कडेला जातो. मधल्या काचेला ते मागाहून कळतं.

"आपला निरोप मिळाला. आभारी आहोत."

मोरपिशी टोपण.

जिन्यातला दिवा आता रोज लागतो. कुणी लावला, हे कुणी विचारलं नाही.

उत्तर आल्यावर काम झालं असं कधी धरायचं?
○ उत्तरात "झालं" असं लिहिलेलं असेल तरच.
● कोणतंही उत्तर चालेल.

या गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध असेल, असं मुकादमच्या ध्यानीमनी नव्हतं. गुरुवारी जेवणाच्या सुट्टीपर्यंत.

मुकादम म्हणजे कुणी मिशीवाला बाप्या नव्हे. घरातलं शेंडेफळ. शाळेत जायच्या वयात तिने स्वयंपाकघराच्या दारावर खडूने लिहून ठेवलं होतं – आई: डबा. दादा: पाणी भरणे. मी: देखरेख. त्या दिवशी दादाने तिचं बारसं नव्याने केलं आणि ते नाव असं चिकटलं की आता नवराही, भांडण नसेल तेव्हा, मुकादमच म्हणतो.

पोटापाण्याचा धंदाही तिला साजेसाच मिळाला. खिडक्यांच्या काचा बनवणाऱ्या कारखान्यात कुठली काच कुठल्या गाडीत आणि कुठल्या दिवशी जाणार, हे ती ठरवते. तिच्या कारकिर्दीत काचा फुटल्या, पण हरवली एकही नाही. हे ती स्वतःच सांगते, न विचारता.

आई राहते दुसऱ्या गावात, बसने अर्ध्या दिवसाच्या अंतरावर. त्याच गावात दादा, पंप विकणाऱ्या एका कंपनीत टेबलावरच्या नोकरीत, भाड्याच्या खोलीत, एकटा. तेव्हा घरची वाटणी सरळ होती. आईचं सगळं दादाने करायचं. आणि दादाकडून सगळं करून घ्यायचं ते मुकादमने.

"उंटावरून शेळ्या हाकतेस तू," दादा म्हणायचा.

"शेळी हलली की मी उंटावरून उतरेन," मुकादम म्हणायची.

☑ दादा – जिन्यातला दिवा बदलणे

तिच्या फोनमध्ये नोंदी ठेवायचं एक ॲप होतं. त्यात घरच्या कामांच्या याद्या. प्रत्येक कामापुढे चौकोन, चौकोनात टिक. याद्या देखण्या होत्या, पण त्या दादाच्या फोनवर पाठवल्या तरी दादा कधी उघडायचा नाही. "तुझ्या याद्या म्हणजे दुसऱ्याच्या लग्नाचा अल्बम," म्हणायचा. "बघितला नाही तर राग, बघितला तर झोप."

मग कारखान्यातल्या संगणकवाल्याने तिला ती युक्ती सांगितली. नोंदींमधल्या याद्या ईमेलला जोडून द्यायच्या. कामाची तारीख आली की आठवणीचं पत्र आपोआप त्या माणसाकडे जाणार. त्याने त्या पत्राला उत्तर दिलं की इकडे चौकोनात टिक आपोआप पडणार. मधे कुणी बोलायला नको, की कुणाच्या तोंडाला लागायला नको.

संगणकवाला तिच्या टेबलाशी वाकून बटणं दाबत होता. एके जागी थांबला.

"ताई, एवढं एक तुम्ही ठरवा. उत्तरात 'झालं' असं लिहून आलं तरच टिक टाकायची, की काहीही आलं तरी?"

"काहीही."

"बघा हं. मी आपला 'झालं' ठेवतो बाबा. माझा मेव्हणा 'बघतो' असं लिहितो."

"तुझा मेव्हणा तुला लखलाभ. आमच्या दादाने जन्मात 'झालं' असं सरळ लिहिलेलं नाही. 'हुकूम सरकार', 'कामगिरी फत्ते', नाहीतर नुसतं माकडाचं चित्र. पण एक आहे, करायचं नसेल तर तो उत्तरच देत नाही. उत्तर आलं म्हणजे काम झालं. भावाला ओळखते मी."

संगणकवाल्याने खांदे उडवले आणि खालच्या गोलात ठिपका टाकला.

त्या संध्याकाळी तिने दादाला फोन करून सांगितलं, की आता तुला ईमेल येतील, कुठल्या पत्त्यावर पाठवू?

पलीकडे दादा खाकरला. मग, "कचेरीच्याच पाठव की. नेहमीच्या."

"उत्तर द्यायचं हं पण. माकड चालेल."

"माकडाला आता ईमेलवर पण नाचवणार का?" दादा म्हणाला आणि दोघंही हसले.

☑ दादा – न्हाणीघरात धरायला दांडा बसवणे

जोडणी चालली म्हणजे कशी, दृष्ट लागावी अशी. सकाळी पत्र जाई आणि त्याच मिनिटाला टिक पडे. जिन्यातला दिवा, टिक. गॅसची नळी, टिक. न्हाणीघरातला दांडा, टिक. आता दांडा काही मिनिटात बसत नाही. भिंतीला भोकं पाडावी लागतात, हे काचेच्या कारखान्यातल्या बाईला कुणी सांगायला नको. पण सुख दारी आल्यावर त्याची जातकुळी कोण विचारतो? पत्र दिसल्या दिसल्या दादा उत्तर देऊन टाकत असेल आणि काम संध्याकाळी करत असेल, असं तिने मनाशी बसवून टाकलं.

शिवाय पुरावा होता. रात्रीच्या जेवणाआधी ती आईला फोन करायची.

"दांडा बसला का गं?"

"बसला की. चांगला दणकट आहे. म्हैस बांधली तरी निघणार नाही."

"दादा येऊन गेला वाटतं."

"आहे ना तो," आई म्हणायची.

आहे ना तो. यात खोटं काही नव्हतं.

दादाशी बोलणं हळूहळू कमी झालं. भांडण नाही, तंटा नाही. आधी ती कामं विचारायला फोन करायची आणि त्या निमित्ताने तो कुणाची तरी नक्कल करून दाखवायचा. आता कामांचं कळतच होतं. टिक दिसली की फोन उचलायची गरज वाटायची नाही. सुट्टीच्या दिवशी पाच मिनिटं, तब्येत, उकाडा, ठेवू का मग. नवऱ्याला तिने यादी दाखवली होती, एकूण एक चौकोन भरलेला. "बघ," म्हणाली, "माझा दादा." तिचा आवाज ओला झाला होता.

मग डोळ्यांच्या डॉक्टरांचा फोन आला. आईला काचबिंदू होता. जुना, रांगत चाललेला. त्यासाठी डॉक्टरांनी पांढऱ्या टोपणाचे थेंब दिले होते. आता नव्या तपासणीचा अहवाल बघून ते म्हणत होते की डोळ्यातला दाब वाढलाय, जुने थेंब पुरत नाहीत. नवे सुरू करा, मोरपिशी टोपणाचे, रोज झोपताना, एकही दिवस न चुकता. आणि महिन्याने तपासायला आणा. आईला त्यांनी सांगितलं नव्हतं, कारण आई डॉक्टरांसमोर सगळ्यालाच "बरं आहे" म्हणते.

मुकादमनेही आईला सांगितलं नाही. उगाच घाबरेल. दादा बाटली हातात देईल तेव्हा समजावेल. तिने औषधाच्या चिठ्ठीचा फोटो नोंदीला जोडला आणि लिहिलं: दादा – आईचे नवे थेंब आणून देणे, जुने बंद. खाली दुसरं: दादा – आईला डोळे तपासायला नेणे. महत्त्वाचं म्हणून दोन्ही लाल रंगात.

दुसऱ्या दिवशी सकाळी पहिल्यापुढे टिक पडली. वेळ आल्यावर दुसऱ्यापुढे. पुढच्या तपासणीपुढेही.

"थेंब घालतेस ना गं?" ती आईला विचारायची.

"घालते की बाई. रोज घालते."

☑ दादा – आईला डोळे तपासायला नेणे

गुरुवारी जेवणाच्या सुट्टीत डब्याचं झाकण उघडतानाच फोन वाजला. डोळ्यांच्या दवाखान्यातली मदतनीस होती.

"ताई, आईंना कधी आणताय? दोन तपासण्या हुकल्या."

"हुकल्या कशा? झाल्यात."

"नाही झाल्या."

"अहो, टिक आहे."

"कुठे आहे टिक?"

"माझ्याकडे."

"तुमच्याकडे असेल," मदतनीस अजिजीने म्हणाली. "आमच्याकडे पेशंट यावा लागतो."

मुकादम हसली. खरंच हसली. दवाखान्यांत गोंधळ असतात. त्या बाईला तारीख-वेळेसह तोंडावर पुरावा द्यावा म्हणून तिने ॲप उघडलं आणि त्या टिकेवर बोट दाबलं. टिक दाबली की खाली ते उत्तर उघडतं, ज्याने ती पडली. इतक्या महिन्यांत तिने एकही टिक दाबली नव्हती. टिक ही काय दाबून बघायची गोष्ट आहे?

उघडलं.

"आपला निरोप मिळाला. आभारी आहोत. संबंधित व्यक्ती आता आमच्या संस्थेत काम करत नाही. हा पत्ता कुणी पाहत नाही. हे उत्तर यंत्राने आपोआप पाठवले आहे."

तिने वरची टिक दाबली. आपला निरोप मिळाला. त्याच्या वरची दाबली. आभारी आहोत. नळी, दांडा, दिवा. आभारी आहोत, आभारी आहोत, आभारी आहोत. एक माकड नाही.

गोदामात मोठी काच हातून सुटते तेव्हा आवाजाच्या आधी एक क्षण असतो. सगळ्यांना कळलेलं असतं, सगळे जागच्या जागी थिजलेले असतात, आणि काच अजून अख्खी असते. मुकादम त्या क्षणात बसून राहिली. डबा उघडा होता. फोनमध्ये मदतनीस "हॅलो, हॅलो" करत होती.

मग तिने पंपांच्या कंपनीत फोन लावला.

"ते? ते आता इथे नाहीत हो," पलीकडची मुलगी म्हणाली. "खातंच बंद केलं ना ते. बरेच दिवस झाले. तुम्ही कोण?"

"कोणी नाही," मुकादम म्हणाली. उत्तर बरोबर होतं.

मग आईला.

"आई, दादा कुठे आहे?"

"दादा ना? ऑफिसात गेलाय." आईने क्षणाचाही वेळ घेतला नाही. खोटं बोलायचं तर आईने बोलावं, एखादीने पोळपाटावर पीठ भुरभुरावं इतक्या सहज.

"बरं. तू थेंब घालतेस ना?"

"किती वेळा विचारशील? घालते."

"बाटलीचं टोपण कुठल्या रंगाचं आहे?"

"हे काय गं विचारणं? पांढरं. दुसरं कसलं असणार?"

मुकादमने फोन ठेवला. संगणकवाला समोरून जात होता, त्याने तिचा चेहरा बघितला आणि न विचारता पाण्याचा पेला आणून ठेवला.

"ताई? बरं नाही का?"

"ते दुसरं बटण," ती म्हणाली. "तू मेव्हण्यासाठी दाबलेलंस. ते बरोबर होतं."

☐

दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसमध्ये तिने फोन काढला. सवय. नवी यादी उघडली. चौकोन आला. त्याच्यापुढे उभी रेघ लुकलुकत राहिली, लिही लिही म्हणत. बस गावात शिरली तरी तिथे काही लिहिलेलं नव्हतं.

जिन्यात भरदुपारी अंधार असतो. दिवा लागला होता. दार दादाने उघडलं. अंगात घरचे कपडे, कानामागे पेन्सिल, हातात स्क्रूड्रायव्हर. कामाच्या दिवशी, कामाच्या वेळेला.



"तू ऑफिसात नाहीस," ती म्हणाली.

"तूही कारखान्यात नाहीस," तो म्हणाला. हसायचा प्रयत्न अर्ध्यात सोडला. "कुणी सांगितलं?"

"तुझ्या कंपनीने. कितीतरी वेळा सांगितलं. मी वाचलं नाही."

ती त्याला ओलांडून आत गेली. न्हाणीघरात दांडा होता, दणकट. गॅसची नळी नवी, केशरी. मोरीचा नळ गळत नव्हता. खिडकीची कडी बदललेली. मागच्या खोलीत दादाची गादी, दादाची पुस्तकं, दादाचे इस्त्री केलेले ऑफिसचे शर्ट एकावर एक, न वापरलेले. तो इथेच राहत होता. तिच्या यादीतलं एकही पत्र त्याला मिळालं नव्हतं आणि यादीतली बहुतेक कामं झालेली होती.

मुकादमने भिंतीला हात टेकला.

"कुणी सांगितलं तुला हे सगळं करायला?"

"कुणी कशाला सांगायला हवं? जिन्यात अंधार होता. मी राहतो ना इथे. ठेचकाळलो, दिवा लावला." मग हळूच, "हळू बोल. आई आतल्या खिडकीत आहे."

"मी तुला पत्रं पाठवत होते."

"मला वाटलं तू सोडून दिलंस. फोन नाही, ओरडा नाही. म्हटलं मुकादम निवृत्त झाली."

"तूच म्हणालास, कचेरीच्या पत्त्यावर पाठव!"

"मग काय म्हणणार होतो? नोकरी गेली, आता पत्ताही गेला असं? म्हटलं खरंच महत्त्वाचं काही असेल तर करशील फोन."

"टिक पडत होती रे! फोन कशाला करू?"

"कसली टिक?"

तिने फोन त्याच्यासमोर धरला. दादाने वाचायला सुरुवात केली. दिवा, नळी, दांडा वाचताना त्याच्या चेहऱ्यावर चोरून हसू आलं, शाळेत अभ्यास न करता पास झाल्यासारखं. मग तो लाल ओळींवर आला. हसू जिथल्या तिथे राहिलं, चेहरा त्याच्या मागून निघून गेला.

"हे कुठले नवे थेंब?"

"मोरपिशी टोपणाचे."

"मला," तो म्हणाला. "मला कसं दिसणार होतं हे?"

आतून आईचा आवाज आला. "कोण आहे रे दारात?"

आई खिडकीपाशी खुर्चीत बसून मटार सोलत होती. मांडीवर ताट, समोर डाव्या हाताला दार. दादा दारातून आत गेला. मुकादम मधल्या खोलीकडच्या दुसऱ्या दाराने गेली, चपला काढून, अनवाणी. ते दार आईच्या उजवीकडे. तिला आईला दचकवायचं नव्हतं. ती नुसती जाऊन आईच्या शेजारी उभी राहिली, हात लांब केला तर खांद्याला लागेल इतक्या अंतरावर.

"कोण होतं?" आईने दादाला विचारलं.

"ओळख बघू," दादा म्हणाला. त्याला वाटलं आई नाटक करतेय.

"मी काय ओळखू? इस्त्रीवाला?"

"अगं, बघ की."

"बघतेय की. तूच उभा आहेस ठोंब्यासारखा."

तिने शेंग मोडली. एक दाणा ताटाच्या कडेवरून उजवीकडे घरंगळला, जमिनीवर मुकादमच्या पायाच्या बोटाशी येऊन थांबला. आईने तो शोधला नाही. आईच्या लेखी तो गेलाच नव्हता. आणि तिथे मुलगीही नव्हती.

दादाने मान वर केली. आईच्या डोक्यावरून बहीणभावांची नजरानजर झाली आणि दादाच्या हातातला स्क्रूड्रायव्हर खाली पडला. गेले कित्येक दिवस आई दारांना खांदा लावत होती, कप टेबलाबाहेर ठेवत होती, आणि तो हसत होता. "आई, दार आहे तिथेच आहे गं, तू सरकलीस."

मुकादमने हात उचलला. सावकाश पुढे नेला, आईच्या खांद्यापासून, दंडावरून, गुडघ्याकडे. काही नाही. शेंगा मोडतच होत्या. हात ताटावर आला तेव्हा आई किंचाळली. ताट उलटलं, सगळ्या खोलीत मटार झाले.

"अगं बाई! कधी आलीस तू? अशी भुतासारखी!"

मुकादमला "आत्ताच" म्हणायचं होतं. ती खाली बसली आणि दाणे वेचू लागली. दुसरं काही करता येत नव्हतं.

☐ आई

दाणे अर्धवट वेचून तिघं लगेच निघाली. दवाखान्यात आईला एका यंत्राला हनुवटी टेकून बसवलं. आत ठिपके लुकलुकतात, दिसला की बटण दाबायचं. बाहेर मुकादम आणि दादा बटणाचा आवाज ऐकत होते. टक, टक. मग लांबलचक काहीच नाही. मग एक टक. दादा प्रत्येक शांततेत खुर्चीच्या कडेला आणखी पुढे सरकत होता.

डॉक्टरांनी उजव्या डोळ्याचा कागद दाखवला. गोलाच्या उजव्या अंगाला काळं होतं, कुणी पडदा अर्धा ओढून ठेवल्यासारखं. डाव्या डोळ्याच्या कागदावरही कडेला काजळी धरायला सुरुवात झाली होती.

"गेलंय ते परत येत नाही," ते म्हणाले. "उरलंय ते राखायचं."

"थेंब वेळेवर सुरू झाले असते तर?" मुकादमने विचारलं. उत्तर माहीत असतानाही विचारलं.

"सगळं थांबलं असतं असं नाही म्हणत मी. बरंच थांबलं असतं."

"माझ्याशी बोला हो जरा," आई म्हणाली. "मी बहिरी नाही झाले."

डॉक्टरांनी खुर्ची तिच्याकडे वळवली.

"थेंब बदलले, हे मला कुणी सांगितलं?" आईने विचारलं. आवाज चढला नव्हता, म्हणून तो जास्त लागला. "डॉक्टरांनी तुला सांगितलं. तू त्या यादीला सांगितलंस. यादीने यंत्राला सांगितलं. डोळा कुणाचा होता?"

"तू घाबरशील म्हणून –"

"मी घाबरले असते तर थेंब घातले असते."

डॉक्टरांनी मोरपिशी टोपण उघडलं आणि पहिला थेंब स्वतः घातला. आईच्या गालावरून ओघळ आला. ती रडत नव्हती, जास्तीचं औषध होतं ते.

परतताना आई मधे चालत होती, दोघांना दोन बाजूंना धरून. उजवीकडे मुकादम होती, म्हणजे आईच्या हाताला होती, डोळ्याला नव्हती. रस्त्यावरून वाहन गेलं की आई आधी दचकायची आणि मग वळून बघायची. हे असं किती दिवस चाललंय, हे दोघांपैकी एकालाही माहीत नव्हतं.

"दिसत नव्हतं तर बोलली का नाहीस?" दादाने विचारलं.

"दिसत नाही ते दिसत नाही हे कसं दिसणार रे? मला वाटायचं माणसं हल्ली न सांगता अंगावर येतात."

थोडं पुढे गेल्यावर मुकादमने विचारलं, "आणि याच्या नोकरीचं? ते तरी सांगायचंस. रोज बोलत होतो आपण."

"त्यानेच शपथ घातली होती. आणि बरं झालं घातली." आईने तिचा हात घट्ट धरला, पण शब्द मऊ केले नाहीत. "तुला सांगितलं असतं तर तू यादी केली असतीस. अर्ज करणे. कपडे शिवणे. दाढी करणे. पोराला चार दिवस नुसतं बसायचं होतं."

दादा हसला, मग त्याला एकदम हुंदका आला. तो पुढे होऊन जिन्याचं फाटक उघडायला गेला. बराच वेळ त्याला कडी सापडत नव्हती.

जिन्यात दिवा होता. पायऱ्या चढताना आई प्रत्येक पायरीची कड पायाने चाचपत होती. मुकादमने मागून चढता चढता फोन काढला, जोडणी उघडली आणि बंद केली. यंत्राने विचारलं, नक्की? तिने हो दाबलं. याद्या राहिल्या. टिकाही राहिल्या, आता त्या पुसता येत नव्हत्या.

वर गेल्यावर दादाने मोरपिशी टोपणाची बाटली टेबलावर ठेवली, कडेपासून चांगली आत.

"झोपताना कोण घालणार?" मुकादमने विचारलं.

"मी," दादा म्हणाला.

"रोज?"

"रोज."

"मी फोन करून विचारणार."

"कर," दादा म्हणाला. "ओरड सुद्धा."

आई जमिनीवर मटार शोधत होती, डावीकडच्या बाजूला. उजवीकडे अजून बरेच पडलेले होते.

ज्या दिवशी दादाची नोकरी गेली, त्या दुपारी त्याने आईच्याही आधी मुकादमला फोन केला होता. ती काचा गाडीत चढवून घेत होती, म्हणून तिने तो कापला, आणि तिच्या फोनने आपणहून त्याला निरोप धाडला: आत्ता कामात आहे, नंतर बोलते.